साइड दिली नव्हती

मागून येऊन ठोकणारा माणूस नेहमी बरोबर असतो, ही गोष्ट सयाजीराव उतेकरांना पन्नाशीला टेकल्यावर कळली. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाट सुरू व्हायच्या आधी, थंडीतल्या धुक्यात रस्त्यावर म्हैस आली म्हणून त्यांनी आपली मारुती थांबवली. मागून वाळूचा ट्रक आला आणि डिकीत शिरला. ट्रकवाला खाली उतरला तो शिव्या देतच. "मागं दिवा हाय का विझलेली विडी?" जमलेल्या लोकांना ते लगेच पटलं. म्हैस साक्ष न देता निघून गेली. हवालदार आले, गाडीभोवती एक फेरी मारली, ब्रेक दाबायला लावला, मान हलवली आणि अपघाताचं कारण लिहिलं: पुढील वाहनाचा मागील दिवा मंद. ठोकलं कुणी? ट्रकने. मंद कोण? उतेकर!

सयाजीराव महाडच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होते. मास्तरांचे रजेचे अर्ज वेलांटी चुकली म्हणून परत पाठवण्यात त्यांची हयात गेली होती. अशा माणसाला रस्त्यात उभं करून चूक त्याचीच ठरवायची, हे त्यांच्या डोक्यात बसेना. जेवताना बसेना, अंघोळ करताना बसेना. गॅरेजवाल्याने डिकी ठोकून सरळ केली, पण आतला पोचा काही निघाला नाही.

महाडात कुणाच्या घरी मयत झाली तर माणसं तासाभराने येतात. गाडीला पोचा आला तर त्याच मिनिटाला येतात. समोरचे निवृत्त तलाठी म्हणाले, "मागच्या बाजूला चुना फासा. धुक्यात पांढरं उठून दिसतं." पांढऱ्या धुक्यात पांढरा चुना उठून दिसतो, असं मानणाऱ्या माणसाने एवढ्या तालुक्याच्या जमिनी मोजल्या! वरच्या मजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणाले, "धुक्यात बाहेर पडणं तुमच्या प्रकृतीला चांगलं नाही." प्रकृतीचा इथे काय संबंध, असं विचारलं तर त्यांनी जीभ दाखवायला सांगितली. शेवटी शेजारच्या बिल्किसभाभी कामाचं बोलल्या. "माझा भाऊ शारजाहून परत आलाय. अमजद. तिकडे गाड्यांचे दिवेच करायचा. दासगावला दुकान टाकलंय त्यानं. त्याला दाखवा."

एरवी सयाजीरावांनी हे मनावर घेतलं नसतं. पण त्याच आठवड्यात माणगावच्या कळंब्यांचा निरोप आला, की रविवारी मुलगी बघायला येतो.

अंकिता, त्यांची एकुलती एक. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आजवर स्थळांचे जेवढे फोटो आले ते तिने एक नजर टाकून परत पाकिटात घातले होते. राजेश कळंबेचा फोटो मात्र तिने पाकिटात घातला नाही. टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाखाली सरकवला. जानकीबाईंनी हे पाहिलं आणि नवऱ्याला खूण केली. सयाजीरावांनी ते पाहिलं आणि त्यांना घाटातलं धुकं आठवलं. कारण बघण्याचा कार्यक्रम गावच्या घरी व्हायचा होता. थोरले बंधू महिपती, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी फर्मान काढलं होतं, "उतेकरांची पोर भाड्याच्या खोलीत दाखवायची नाय. देवासमोर दाखवायची."

आणि गाव होतं पोलादपूरच्या वर. महाबळेश्वरच्या रस्त्याला लागायचं, काही वळणं चढायची, आणि एका वळणावर डावीकडे कच्च्या रस्त्यात शिरायचं. फाट्यावर पाटी होती. ती कुणीतरी गोठ्याच्या कुडाला नेऊन लावली. मागच्या वर्षी एक चांगलं स्थळ हा फाटा चुकून घाटात गेलं, दुपारपर्यंत फिरलं आणि चिडून परस्पर घरी गेलं. म्हणून यावेळी ठरलं, की सयाजीरावांनी पोलादपूरच्या स्टँडवर पाहुण्यांना भेटायचं आणि आपल्या गाडीमागून गावात आणायचं.

महिपती म्हणाले, "पुढं तू, मागं ते. धुकं असनार. तुझा दिवा दिसला पायजे. नायतर पुन्हा ठोकून घेशील, आनि या टायमाला व्याह्याकडनं!"

मग सयाजीराव दासगावला गेले.

अमजदने खोक्यातून दोन लांबट तबकड्या काढल्या. त्यांत लाल दाणे ओळीने बसवलेले. "एलईडी, भाऊ. याच्यात बल्बच नाय. शेखांच्या गाड्यांना लावायचो मी. ब्रेकवर पाय ठेवला की झटक्यात."

"उजेड किती?"

"उजेडाचं सोडा. बाकीच्यांचा दिवा पेटतो, तुमचा पळेल."

"पळेल म्हणजे?"

"ब्रेक मारला की लाल दाणे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतील. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. मागचा ड्रायव्हर झोपला असला तरी उठून बसेल."

मागचा झोपलेला असला तरी उठेल, हे वाक्य सयाजीरावांना फार आवडलं. ट्रकवाला त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, झोपलेला, आणि मग दचकून उठलेला. "लावा," ते म्हणाले.

दिवे लागले. अमजदने ब्रेक दाबून दाखवला. गाडीच्या पाठीवर लाल मुंग्यांची रांग सळसळत उजवीकडे गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. घरी आल्यावर सयाजीरावांनी सगळ्यांना खाली बोलावलं. तलाठी बघत राहिले. डॉक्टरांनी डोळ्यांवर हात धरला. जानकीबाई म्हणाल्या, "अहो, ही गाडी आहे की गणपतीची आरास?" अंकिता ओठ दाबून घरात पळाली. सयाजीरावांना वाटलं, आनंदाने.

दुसऱ्या दिवशीपासून मुंबई-गोवा रस्त्यावरची माणुसकी संपली.

दुसरा शब्द नाही. सयाजीरावांनी वळणावर ब्रेक मारावा आणि मागच्या गाडीने उसळी मारून त्यांच्या अंगावरून पुढे जावं. दुधाचा टेम्पो गेला. एसटी गेली. कलिंगडांनी भरलेली रिक्षा गेली. आणि सगळ्यांत अपमानाची गोष्ट म्हणजे प्रत्येकजण जाताना पीं पीं करून हात वर करत होता. वर हसतही होता! नांगलवाडीच्या फाट्यावर एका म्हाताऱ्याने आपली लुना पुढे काढली आणि वळून चक्क नमस्कार केला. माणूस ब्रेक मारतो तेव्हा पुढे काहीतरी अडचण असते, एवढंही या लोकांना कळू नये? सयाजीराव स्टिअरिंगवर मूठ आपटायचे. "जळतात! दुसऱ्याच्या गाडीला चांगला दिवा लागला की पुढे जाऊन दाखवायचं. हीच आपली लायकी. म्हणून हा देश मागे!" शेजारी बसलेल्या जानकीबाई म्हणाल्या, "पण सगळे तर पुढेच चाललेत." यावर त्यांनी मागचा आरसाच छताकडे वळवला.

नाक्यावर एका वाहतूक हवालदाराने अडवलं. "ही रोषणाई कुणाच्या परवानगीने?"

"दिवे आहेत. नियमात दिवे लागतातच."

"लागतात. पळत नाहीत. परवानगी आणा."

सयाजीराव आरटीओच्या एजंटाकडे गेले. एजंट म्हणाला, अशी परवानगीच नसते, कारण असे दिवे असतात हे नियमाला अजून माहीतच नाही. सयाजीराव परत नाक्यावर. हवालदार म्हणाले, "मग परवानगी नसते, असं लिहून आणा." एजंट म्हणाला, जे नाही ते नाही म्हणून लिहून द्यायचा अधिकार मला नाही. सयाजीराव पुन्हा नाक्यावर. अर्जातल्या चुका काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला शेवटी न लिहिलेल्या अर्जासाठी फिरवलं! चौथ्या खेपेला हवालदारांनी आवाज खाली आणला. "जाऊ द्या, साहेब. मोटरसायकलला बसतील का हो हे?" सयाजीरावांनी अमजदचा पत्ता दिला आणि दातओठ खात निघाले. निघताना ब्रेक मारला तर मागचा टँकर भोंगा वाजवत, आभार मानत पुढे गेला.

रविवारी सकाळी सावित्री नदीच्या अंगाने धुकं असं दाटलं होतं, की पोलादपूरचा स्टँड नुसत्या आवाजावरून ओळखावा लागत होता. जानकीबाई आणि अंकिता आदल्या दिवशीच गावी गेल्या होत्या. स्टँडसमोर कळंब्यांची सुमो उभी होती. आत मुलगा, त्याचे आईवडील, आणि त्याचे मामा. बोलणी करायला ज्याला पुढे घालतात आणि नंतर ज्याला आवरता येत नाही, ते हे मामा. सुमो हाकायला माणगावचा भिकू ड्रायव्हर.

"काही चिंता नाही," सयाजीरावांनी खिडकीशी वाकून सांगितलं. "माझ्या दिव्याकडे बघत या. धुकं असो, अंधार असो, माझे दिवे चुकायचे नाहीत."

"बरं, साहेब," भिकू म्हणाला. "तुमी सांगाल तसं."

निघाले. सयाजीराव आरशात बघत होते. सुमोचे पिवळे डोळे मागे शिस्तीत येत होते. त्यांना भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या मागे राहिलं होतं. वळणं झाली. फाटा आला. सयाजीरावांनी नीट, आधीपासून, मागच्याला कळेल असा हळूहळू ब्रेक दाबला.

सुमोने घरघर केली, उजवीकडून बाहेर आली, मारुतीच्या खांद्याला खांदा लावला, पीं पीं केलं आणि धुक्यात नाहीशी झाली. जाताना भिकूने खिडकीतून हात हलवला. मामांनीसुद्धा हलवला!

सयाजीरावांनी भोंगा दाबला. वरून भोंग्याचं उत्तर आलं. यांनी पुन्हा दाबला. वरून पुन्हा उत्तर, आता अधिक प्रेमाने. मग घाट गप्प झाला.

फाट्यावर ते थोडा वेळ उभे राहिले. परत येतील. आले नाहीत. तिकडे गावात भावकी धुतलेली धोतरं नेसून बसली असेल, जानकीबाईंनी आमटीला फोडणी दिली असेल, आणि अंकिता... टीव्हीवरचा तो रुमाल त्यांना आठवला. सयाजीरावांनी गाडी घाटात घातली. मारुती चढावर धापा टाकत होती आणि आत तिचा मालक तिच्यापेक्षा जास्त.

सुमो सापडली ती थेट घाटमाथ्यावर, चहाच्या टपरीसमोर. कळंबे मंडळी बाकावर बसली होती. मामा उभे होते.

"या! या उतेकर!" मामा कडाडले. "आम्हाला म्हणालात मागून या. मग मध्येच म्हणालात पुढे व्हा. पुढे झालो तर तुम्हीच गायब! आम्ही मुलगी बघायला आलोय की महाबळेश्वर?"

"मी पुढे व्हा म्हणालो? मी? मी ब्रेक मारला!"

"ब्रेक नाय, साहेब," भिकू कपातला चहा फुंकत म्हणाला. "तुमी साइड दिली."

"दिली नाही!"

"दिली. मी काय आंधळा हाय? उजवीकडं लाल सरकत व्हतं. उजवं म्हंजे साइड दिली. मी आपला निघालो, हारन देऊन तुमचे आभार पन मानले."

टपरीवर वाईकडून भाजी घेऊन उतरणारे टेम्पोवाले आणि दोन ट्रकवाले बसले होते. भांडण बघून ते सरसावले. त्यातला एक म्हणाला, "दाबा बघू ब्रेक. आमी सांगतो." आणि सयाजीराव उतेकर, हेडक्लार्क, होणाऱ्या व्याह्यांसमोर गाडीत बसले आणि त्यांनी ब्रेक दाबला. लाल दाणे डावीकडून उजवीकडे सळसळत गेले.

"साइड दिली!" सगळी टपरी एका आवाजात म्हणाली. चहावालासुद्धा.

घाटातली ही भाषा कुणी कुणाला शिकवत नाही. चढावर रांगणाऱ्या ट्रकवाल्याला समोर रस्ता मोकळा दिसला, की तो उजवा दिवा लुकलुकवतो. मागच्याने समजायचं, की हा म्हणतोय, जा बाबा पुढे. मागचा जातो, भोंगा वाजवून आभार मानतो. टेम्पो, एसटी, कलिंगडाची रिक्षा, लुनावरचा म्हातारा, सगळ्यांनी या दिलदार मारुतीवाल्याचे आभारच मानले होते. ब्रेक मारून मारून सयाजीराव महाड ते पोलादपूर सगळ्यांना म्हणत आले होते, जा बाबा पुढे.

"ब्रेक म्हणजे थांब!" सयाजीराव ओरडले. "सगळ्या जगात ब्रेक म्हणजे थांब! तुम्हा लोकांना एक नियम पाळता येत नाही आणि वर चूक माझी?"

"हे बघा," मामा म्हणाले, "ज्याच्या दिव्याचा भरवसा नाही, त्याच्या शब्दाचा काय धरायचा? आम्ही येतो. पण हे दिवे आधी काढायचे. इथं. आत्ता. नाहीतर इथूनच नमस्कार."

बाकावर राजेशच्या आईने पदर सावरला. उठायची तयारी. सयाजीरावांना बोलायचं खूप होतं. मंद म्हणणाऱ्या हवालदाराबद्दल, वाळूच्या ट्रकबद्दल, परवानगी नसण्याच्या परवानगीबद्दल. काढायचे दिवे? म्हणजे चूक कबूल करायची, तीही टेम्पोवाल्यांच्या पंचायतीपुढे? मग ते गाडीच्या मागे गेले, डिकी उघडली, आत हात घातला आणि सगळ्या वायरी एका हिसड्यात ओढून काढल्या. हाताला खरचटलं. टपरीवर कुणी हसलं नाही, एवढंच नशीब.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं," भिकू म्हणाला. "पन आता ब्रेकला दिवाच नाय. उतारावर धुक्यात मी मागनं कसा येऊ? ठोकीन की तुमाला."

मामा तुटलेल्या वायरींकडे बघू लागले. तेव्हा राजेश उठला. सयाजीरावांसमोर त्याच्या तोंडून अजून शब्द निघाला नव्हता. त्याने सुमोच्या काचा पुसायचं भिकूचं लाल फडकं उचललं. "मी यांच्या गाडीत मागे बसतो. हे ब्रेक म्हणाले की फडकं दाखवतो."

"फडकं माझं परत द्या हां," भिकू म्हणाला.

असा आंबेनळी घाट ते उतरले. पुढे दिव्याविना मारुती. तिच्या मागच्या सीटवर इस्त्रीच्या शर्टात उलटा गुडघ्यांवर बसलेला नवरामुलगा, एक हात खिडकीबाहेर. सयाजीराव ओरडायचे, "ब्रेक!" राजेश फडकं हलवायचा. दोन वळणांच्या मध्ये जेवढा वेळ मिळायचा तेवढ्यात सयाजीरावांनी सगळं सांगून घेतलं. म्हैस, ट्रक, हवालदार, एजंट, माणुसकी. राजेश मागे तोंड करून "हो", "बरोबर", "अरेरे" म्हणत होता. नांगलवाडीच्या म्हाताऱ्याचं ऐकून त्याचे खांदे हलत होते. सयाजीरावांना वाटलं, संतापाने.

गावात शिरताना अख्खी भावकी अंगणात होती. मुलीच्या बापाच्या गाडीतून उलटा येणारा, लाल फडकं फडकवणारा जावई उतेकरांच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. महिपतींनी टोपी मागे सारली. "सयाजी, हे काय रं? पाव्हना पकडून आनलास का काय?" दाराआडून कुणीतरी जोरात हसलं आणि तोंडावर हात धरून हसू दाबलं. राजेशने ते ऐकलं आणि फडकं खाली घ्यायचं विसरला.

चहा झाला, कांदेपोहे झाले. मामांनी अंकिताला विचारायचं ते विचारलं. तिने नीट उत्तरं दिली. मामा कळंब्यांशी कुजबुजले आणि खाकरून म्हणाले, "आमच्याकडून होकार समजा."

सगळे सयाजीरावांकडे बघू लागले. जानकीबाई दारातून डोळ्यांनी विनवत होत्या.

"माझा एक प्रश्न आहे," सयाजीराव म्हणाले. "मुलाला."

"अहो!" जानकीबाई.

"विचारू दे. राजेशराव, खरं सांगा. मी ब्रेक मारला. मागे लाल दिवा लागला. त्याचा अर्थ काय?"

पडवीत सगळे पुढे सरकून बसले. भिकू उंबऱ्याशी टेकून उभा होता, त्याने भुवया वर केल्या. मामा मिशी चावत होते. राजेशने मामांकडे पाहिलं, भिकूकडे पाहिलं, मग माजघराच्या दाराकडे पाहिलं.

"थांबा, असा," तो म्हणाला.

"राजेश!" मामा ओरडले.

"लाल म्हणजे थांबा, मामा. आपण थांबायला हवं होतं."

सयाजीरावांचा चेहरा असा उजळला की तसा दिवा अमजदच्या दुकानात नव्हता. सगळ्या रायगड जिल्ह्यात एक माणूस निघाला! एक तरी! "मुलगा पसंत आहे," ते म्हणाले. मामा काही झालं तरी मामाच होते, त्यांनी उठून पेढ्यांचा पुडा फोडला आणि राग होता तो सगळा बोटांत आणून सयाजीरावांच्या तोंडात आख्खा पेढा कोंबला.

मुलामुलीला दोन शब्द बोलायला म्हणून परसात पाठवलं. पेढा घशाखाली उतरेना म्हणून सयाजीराव पाण्याचा तांब्या शोधत माजघरात गेले. खिडकी परसाकडे उघडी होती.

"हात दुखतोय का हो?" अंकिता विचारत होती.

"दुखतोय. तुमचे बाबा फार ब्रेक मारतात."

"आणि मघाशी ते काय बोललात? खरंच तुम्हाला थांबा असं वाटलं?"

"छे! मीच भिकूला म्हटलं, बघ, साइड दिलीय, मार पुढे."

अंकिता हसली. "बाबांना हे कधीच सांगू नका."

सयाजीराव खिडकीशी गेले. छाती फुगली, बोट वर झालं, तोंड उघडलं. पण तोंडात शकुनाचा पेढा होता, तो थुंकता येईना, आणि बाहेर पोर अजून हसत होती, इतकं मोकळं की त्यांनी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले. मग डोळे वटारून त्यांनी पेढा गिळला, वळले, आणि सगळा राग काढत जानकीबाईंवर ओरडले, "पानं वाढा! माणसांनी किती वेळ थांबायचं?"